‘जॉनर नाही, नुसतं वास्तव’: ब्रिटिश गुन्हेगारीपटांविषयीच्या एका लाडक्या समजुतीचा प्रतिवाद

रसास्वाद शिबिरांच्या टिपणांत आणि ‘हे पाहायलाच हवेत’ छापाच्या याद्यांत ब्रिटिश सोशल रिअलिस्ट, म्हणजे कष्टकऱ्यांचं रोजचं जगणं दाखवणाऱ्या, गुन्हेगारीपटांबद्दल एक ठरावीक परिच्छेद फिरत असतो. शब्द बदलतात, मथितार्थ तोच. या सिनेमांना जॉनर, म्हणजे ठरावीक साच्याचा चित्रप्रकार, नसतो, त्यांत थेट आयुष्य असतं. पात्रं परिस्थितीची बळी असतात, त्यांचं वेगळं विश्लेषण करण्यासारखं काही नसतं. नट नवखे, संहिता नावापुरती, कॅमेरा हातात धरून हलवलेला. गरिबी आली की गुन्हा आला, आणि शेवटी अंधार. हे सगळं कौतुकानं लिहिलेलं असतं, म्हणून खोडून काढायला जड जातं. पण या कौतुकाआड सिनेमा कसा बांधलाय ते दिसेनासं होतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘जॉनर नसतो’

केन लोच दिग्दर्शित, पॉल लॅव्हर्टी लिखित ‘स्वीट सिक्स्टीन’ (२००२) घ्या. जागा ग्रीनॉक, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, जहाजबांधणी ओसरून गेलेलं गाव. लियम सोळाव्याच्या उंबरठ्यावर आहे, आई तुरुंगात आहे आणि लवकरच सुटणार आहे. आता तीसच्या दशकातल्या अमेरिकन गँगस्टरपटाचा सांगाडा त्याच्या शेजारी ठेवा. तळातला हुशार, महत्त्वाकांक्षी पोरगा, पहिला लहानसा धंदा, वरच्या माणसाची नजर पडणं, निष्ठेची परीक्षा, जिवलग मित्राची आहुती, हवं ते हातात आल्याबरोबर घसरण. या सिनेमात यातली एकही पायरी गाळलेली नाही.

लियम आईच्या मित्राचा, स्टॅनचा, लपवलेला माल पळवतो आणि विकतो. ही पहिली पायरी. पुढे माल पोचवण्यासाठी पिझ्झाच्या डिलिव्हरीचा आडोसा घेतला जातो. रात्री कुठल्याही दारात पिझ्झावाला उभा राहिला तर कोण मान वळवून बघतं? पोराचं डोकं धंद्यात चालतं हे प्रेक्षकाला इथे कळतं, आणि वरच्या टोळीलाही. मग परीक्षा. त्याला एका माणसाला भोसकायला सांगितलं जातं. तो स्वच्छतागृहात त्याच्या मागे जातो, आणि वार करणार एवढ्यात टोळीचेच लोक त्याला धरतात. परीक्षा होती, पास झालास. माफियापटात हा प्रसंग आपण कितीदा पाहिलाय. इथे तो अंगावर येतो याचं कारण तो ओळखीचा असण्यातच आहे. पुढे काय होणार ते आपल्याला ठाऊक असतं, आणि समोर मिसरूडही न फुटलेलं पोर असतं.

लोच आणि लॅव्हर्टी नियम मोडत नाहीत, त्यांची पट्टी बदलतात. गँगस्टरपटाच्या मध्यावर नायक काय विकत घेतो ते नेहमी बघावं: सूट, मोटार, हॅट. लियमला हवी आहे पाण्याकाठी उभी असलेली एक कॅराव्हॅन, आई सुटल्यावर तिला स्टॅनपासून लांब ठेवण्यासाठी. ती कॅराव्हॅन जळते तेव्हा साम्राज्य कोसळावं तसं वाटतं, कारण सांगाडा साम्राज्याचाच आहे.

ही सरमिसळ नवीनही नाही. ‘द लोनलिनेस ऑफ द लाँग डिस्टन्स रनर’ (१९६२) ब्रिटिश न्यू वेव्हचा, म्हणजे साठच्या दशकाच्या आसपासच्या वास्तववादी लाटेचा, मानदंड म्हणून शिकवतात. त्यातला कॉलिन बेकरीतले पैसे चोरून घराच्या पावसाळी पाइपात दडवतो. पोलीस अधिकारी दारात उभा राहून चौकशी करतोय, बाहेर पाऊस धरलाय, आणि पाइपातून एकेक नोट वाहत खाली येतेय. अस्सल रहस्यपटाचा प्रसंग आहे हा, त्यातल्या विनोदासकट. उलट बाजूनंही तेच. ‘गेट कार्टर’ (१९७१) हा सरळ सूडपट, पण दिग्दर्शक माइक हॉजेस टीव्हीच्या ‘वर्ल्ड इन अ‍ॅक्शन’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमातून आलेला. त्यानं ईशान्य इंग्लंडमधल्या न्यूकॅसल आणि गेट्सहेडचे पब, चाळवजा घरं आणि एक बहुमजली वाहनतळ असं टिपलं, की २०१० मध्ये वाहनतळ पाडलं तेव्हा ती सिनेमाची बातमी झाली. वास्तवपट आणि गुन्हेगारीपट एकमेकांच्या घरात राहतात.

‘पात्रं परिस्थितीची बळी’

आमच्या मते सगळ्यांत जास्त नुकसान या वाक्यानं केलंय. ते लिहिलं की पात्राकडे बघायचं कामच संपतं.

शेन मेडोज यांचा ‘धिस इज इंग्लंड’ (२००६) घडतो १९८३ मध्ये, फॉकलंड युद्ध होऊन वर्ष झालेलं, बेकारी भरात. तुरुंगातून सुटून आलेला काँबो (स्टीफन ग्रॅहम) स्किनहेड, म्हणजे डोकं भादरून हिंडणाऱ्या, पोरांच्या टोळीला नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाच्या वर्णद्वेषाकडे ओढतो आणि शेवटी त्याच टोळीतल्या कृष्णवर्णीय मिल्कीला अर्धमेला होईस्तोवर मारतो. फिरता परिच्छेद म्हणेल: बेकारी, म्हणून द्वेष. मग त्याच गावातला, तशाच घरांतून आलेला, टोळीतलाच वूडी काँबोचं बोलणं ऐकून उठून निघून का जातो? नॅशनल फ्रंटच्या सभेहून परतताना मोटारीत ‘तुझा खरंच यावर विश्वास आहे का’ म्हणून शंका काढणाऱ्या पोराला काँबो रस्त्यात उतरवतो; तो पोरगाही त्याच परिस्थितीतला. मेडोज यांनी ही माणसं मुद्दाम शेजारी शेजारी ठेवली आहेत. परिस्थिती सगळ्यांना समान मिळाली की फरक कुठून येतो ते दिसू लागतं.

मारहाणीचा प्रसंग उलट्या दिशेनं उलगडून बघा. त्याच्या आधी मिल्की आपल्या घराबद्दल बोलतोय: मोठं कुटुंब, नातेवाइकांनी भरलेलं घर. काँबो हसत हसत आणखी विचारतो. मिल्की मोकळेपणानं सांगत जातो आणि ग्रॅहमच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजत जातं. ओठ तसेच, डोळे बदललेले. त्याच्याही आधी लोल या मुलीनं त्याला नकार दिलाय. तुरुंगातली वर्षं त्यानं तिच्याच आठवणीवर काढली होती. म्हणजे नकार, मग दुसऱ्याचं भरलेलं घर, मग शिव्या, मग हात. राजकारण शिव्यांना शब्द पुरवतं, पण ठिणगी हेव्याची आहे. मारून झाल्यावर हाच काँबो त्या देहाशेजारी रडतो. याला नुसतं ‘बळी’ म्हणून कसं भागेल?

गुन्ह्याच्या आधी त्या पात्राच्या बाबतीत घडलेल्या शेवटच्या तीन गोष्टी कागदावर लिहायच्या, हीच रीत कुठल्याही सिनेमाला लावता येते. तिन्हींत पैसा आला तर परिस्थितीचा मुद्दा खरा. बहुतेकदा एखादीतच येतो. आणि कधी येतच नाही: अ‍ॅलन क्लार्कच्या ‘द फर्म’मध्ये (१९८९) फुटबॉलच्या नावाखाली टोळीयुद्ध करणारा बेक्स (गॅरी ओल्डमन) इस्टेट एजंट आहे. बायको, तान्हं बाळ, स्वतःचं घर, सगळं जागेवर. त्याला मारामारीतली झिंग हवी असते.

‘संहिता नसते, नट नवखे’

‘स्वीट सिक्स्टीन’ला २००२ च्या कान महोत्सवात मिळालेला पुरस्कार पटकथेचा होता. इथेच हा मुद्दा संपायला हरकत नाही.

पण गैरसमज कुठून येतो तेही पाहू. लोच घटना ज्या क्रमानं घडतात त्याच क्रमानं चित्रीकरण करतात आणि नटांना पुढची पानं देत नाहीत. प्रसंगातला धक्का नटालाही बसतो. पान लिहिलेलं असतं, फक्त हाती उशिरा पडतं. मार्टिन काँपस्टन हा लियम झालेला पोरगा ग्रीनॉक मॉर्टन क्लबचा फुटबॉलपटू होता, अभिनय त्यानं केला नव्हता, ते खरं. अँड्रिया अरनॉल्डनं ‘फिश टँक’साठी (२००९) केटी जार्विसला टिलबरी स्थानकावर मित्राशी भांडताना हेरलं, तेही खरं. मात्र त्याच सिनेमात समोर मायकल फासबेंडर आहे. नवखा आणि मुरलेला यांना समोरासमोर उभं करणं ही ठरवून केलेली निवड असते. मेडोज मात्र नटांबरोबर खरोखरच बरंच उत्स्फूर्त घडवून घेतात. फिरत्या परिच्छेदाला तेवढे गुण देऊ.

‘हलता कॅमेरा म्हणजे वास्तव’

लोच यांचे छायालेखक बॅरी अ‍ॅक्रॉइड यांच्या चौकटी बघा. कॅमेरा बहुतेक वेळा तिकाटण्यावर, खोलीच्या कोपऱ्यात, लांब पल्ल्याच्या लेन्सवर. कारण सोपं आहे. कॅमेरा नाकासमोर आला की नवखा नट आक्रसतो, आणि लांबून बघणारा प्रेक्षक शेजाऱ्यासारखा होतो, मध्ये पडता न येणारा. ‘फिश टँक’मध्ये कॅमेरा हातात आहे, पण चौकट जुन्या टीव्हीसारखी, १.३३ ला १ अशा प्रमाणातली, जवळजवळ चौकोनी. त्या चौकटीत मियाच्या (केटी जार्विस) दोन्ही बाजूंना मोकळी जागाच उरत नाही.

क्लार्कचं आणखी वेगळं. उत्तर आयर्लंडमधल्या हत्यांवरचा ‘एलिफंट’ (१९८९) जेमतेम ४० मिनिटांचा. त्यात १८ हत्या आणि जवळपास शून्य संवाद. स्टेडीकॅम, म्हणजे चालताना न हलणारा कॅमेरा, चालणाऱ्या माणसाच्या मागे संथ तरंगत जातो. एक दार, एक कॉरिडॉर, गोळी, मारेकरी निघून जातो. मग कॅमेरा प्रेतावर थांबतो, नको इतका वेळ. लगेच पुढचा माणूस चालू लागतो, आणि तो मारणारा आहे की मरणारा हे ओळखता येत नाही. हेतू, तपास, पोलीस हे गुन्हेगारीपटाचे तिन्ही खांब काढून टाकले तर काय उरतं, याचा हा प्रयोग आहे. जॉनरचा इतका काटेकोर विचार केल्याशिवाय त्यातून नेमकं काय वजा करायचं हे सुचणार नाही. आणि कॅमेरा एकदाही डळमळत नाही.

थरथर मोजण्यापेक्षा एक साधी गोष्ट पाहावी: कॅमेरा पात्राच्या आधी खोलीत पोचतो की नंतर? आधी पोचला तर त्याला पुढचं ठाऊक आहे, तो रहस्यपटासारखा वागतोय. नंतर पोचला तर माहितीपटासारखा.

‘गरिबी आली की गुन्हा आला’

मधल्या पायऱ्या गाळल्यावर काहीही कशातूनही येतं. क्लिओ बर्नार्डचा ‘द सेल्फिश जायंट’ (२०१३) या पायऱ्याच दाखवतो. ब्रॅडफर्डमधली आर्बर आणि स्विफ्टी ही दोन पोरं शाळेतून काढलेली, घोडागाडीवर भंगार गोळा करणारी. जुनी भांडी, पत्रे यांना वजनावर चिल्लर मिळते. भाव आहे तांब्याला. तांबं असतं केबलमध्ये, आणि केबल असते रेल्वेमार्गालगत नाहीतर विजेच्या जाळ्यात. वरचं प्लॅस्टिक जाळून तार काढायची. जळक्या तारेला स्वच्छ तारेपेक्षा भाव कमी, पण चोरीची केबल सोलत बसायला वेळ कुणाला? भंगारवाला किटन रोख देतो आणि कुठून आणलं ते विचारत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये भंगाराचे पैसे रोखीत देण्यावर डिसेंबर २०१२ पासून बंदी आली ती नेमकी यासाठीच. म्हणजे गरीब पोरगा आणि गुन्हा यांच्यामध्ये एक तराजू आहे, एक रोखीचा गल्ला आहे आणि गल्ल्यामागे न विचारणारा मोठा माणूस आहे. स्विफ्टी विजेच्या धक्क्यानं मरतो तेव्हा किटन दोष स्वतःवर घेतो. ‘गरिबी’ या एका शब्दात हा माणूस मावत नाही.

‘शेवट नेहमी अंधारात’

‘द एंजल्स शेअर’ (२०१२) हाही लोच-लॅव्हर्टी यांचाच. ३०० तास समाजसेवेची शिक्षा झालेला ग्लासगोचा रॉबी अतिमौल्यवान व्हिस्कीच्या पिंपातून आयर्न-ब्रू या सरबताच्या चार बाटल्या भरून चोरतो. दोन सोबत्याच्या वेंधळेपणानं फुटतात. हा दरोडापट आहे, तोही हसवणारा, आणि रॉबी सुटतो.

आणि ‘रेनिंग स्टोन्स’ (१९९३, लोच यांचाच, लेखक जिम अ‍ॅलन). मँचेस्टरजवळच्या सरकारी वसाहतीतला बेकार बॉब. सुरुवातीलाच त्याची व्हॅन चोरीला जाते. मुलीच्या पहिल्या कम्युनिअनच्या, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या एका विधीच्या, पोशाखासाठी तो कर्ज काढतो, ते कर्ज टॅन्सी नावाच्या गुंड सावकाराकडे जातं. टॅन्सी बॉबच्या घरात शिरून बायकोपोरीला धमकावतो. बॉब भलामोठा पाना घेऊन निघतो. वाहनतळावर झटापट होते, झिंगलेला टॅन्सी मोटार घेऊन पळू बघतो, खांबावर आदळतो आणि मरतो. बॉब त्याची उधारीची वही घेऊन पाद्रीबाबांकडे कबुली द्यायला जातो. पाद्रीबाबा वही जाळून टाकतात आणि पोलिसांकडे जाऊ नकोस म्हणतात. मग कम्युनिअनचा दिवस येतो, नव्या पोशाखातली मुलगी, आणि पोलीस येतात. आपण आयुष्यभर पाहिलेला प्रत्येक गुन्हेगारीपट त्या क्षणी आपल्याला सांगत असतो की आता बेड्या. पोलीस सांगायला आलेले असतात की बॉबची चोरीला गेलेली व्हॅन सापडली.