‘पीटूपी म्हणजे पायरसी’ या दाव्याला उत्तर

‘पीटूपी म्हणजे पायरसी. ते नॅपस्टरबरोबरच संपलं. आता सगळं क्लाउडवर ठेवा, तेच सुरक्षित आणि तेच सामान्य माणसाला जमणारं.’ अशा आशयाच्या पोस्ट सतत फिरत असतात. (पीटूपी, म्हणजे पीअर-टू-पीअर: फाइल एका माणसाच्या संगणकावरून थेट दुसऱ्याच्या संगणकावर जाणं.) त्यातला एकही मुद्दा नीट टिकत नाही.

टोरेंटवरून चोरीचे सिनेमे उतरवले जातात, हे खरं. पण ब्रॅम कोहेन यांनी 2001 मध्ये आणलेलं बिटटोरेंट ही फाइल पोचवायची पद्धत आहे. फाइलचे तुकडे होतात आणि ज्याच्याकडे जो तुकडा आला, तो त्याने पुढच्यांना द्यायचा. डेबियन आणि उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिम याही मार्गाने अधिकृतपणे मिळतात. इंटरनेट अर्काइव्ह हे ऑनलाइन ग्रंथालयही 2012 पासून आपल्या संग्रहाचे टोरेंट देतं.

नॅपस्टर ही एकमेकांना गाणी देण्याची सेवा 2001 मध्ये कोर्टामुळे बंद पडली, कारण कोणाकडे कोणतं गाणं आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर होती. तेवढा एक सर्व्हर थांबवला की सगळं थांबत होतं. म्हणजे हे उदाहरण केंद्रीकरणाच्याच विरोधात जातं!

आता क्लाउडची सुरक्षितता. गूगलचं ऑर्कुट हे सोशल नेटवर्क 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं. तिथल्या मराठी कम्युनिटींमध्ये लोकांनी वर्षानुवर्षं मनापासून लिहिलं होतं, पण बंद करायचं की नाही हे ठरवताना त्यांना कोणी विचारलं नाही. 4 ऑक्टोबर 2021 ला फेसबुकच्या नेटवर्कमध्ये एक बदल चुकला आणि व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्रामसकट सगळं जगभर सुमारे सहा तास ठप्प झालं. तुर्कस्तानने 2017 मध्ये विकिपीडिया अडवला, तो 2020 पर्यंत. त्या काळात तुर्की विकिपीडियाची प्रत आयपीएफएस या पीटूपी पद्धतीच्या साठवण-जाळ्यावर ठेवली गेली. तिथे पत्ता मजकुरावरूनच तयार होतो. त्यामुळे प्रत कोणाच्याही संगणकावरून आली तरी ती अस्सल आहे की नाही हे तपासता येतं. मात्र ‘आयपीएफएसवर टाकलं की कायमचं राहिलं’ हा प्रचारही तितकाच खोटा आहे. प्रत सांभाळणारा कोणीच उरला नाही, तर मजकूर जातोच. म्हणून आपल्याला मोलाचं वाटतं ते आपणच सांभाळायला हवं, आणि आणखी चारजणांनाही त्यासाठी तयार करायला हवं.

राहिला सामान्य माणूस. घरचा संगणक आणि लॅपटॉप यांच्यात फोटो सारखे ठेवायचे असतील, तर सिंकथिंग हा पीटूपी प्रोग्राम दोन्हीकडे टाका, डिव्हाइस आयडी (प्रत्येक यंत्राचा ओळख-क्रमांक) एकमेकांत नोंदवा, फोल्डर निवडा. खातं उघडायची गरज नाही. थेट जोडणी झाली नाही तर डेटा रिलेमार्फत, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत जातो, पण एन्क्रिप्ट केलेला असल्याने रिलेला तो वाचता येत नाही. अडचण आहे ती वेगळीच: दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू असावी लागतात. आणि एकीकडे फोटो पुसला की दुसरीकडेही पुसला जातो. त्यामुळे फाइल व्हर्जनिंग (जुन्या प्रती राखून ठेवायची सोय) पहिल्याच दिवशी चालू करा आणि स्वतंत्र बॅकअप वेगळा ठेवा.