तुरुंगातलं राजकारण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सुरुवातीच्या सिडनीवरच्या, म्हणजे इंग्लंडने हद्दपार कैद्यांसाठी ऑस्ट्रेलियात वसवलेल्या वसाहतीवरच्या, माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: "तो उघड्यावरचा तुरुंग होता. गव्हर्नर बोलेल तो कायदा. त्यात कसलं आलंय राजकारण? आणि एका कैदी जोडप्याला मिळालेल्या १५ पौंडांवरून इंग्रजी न्यायाचे पोवाडे गाताय. ज्यांची जमीन गेली त्यांच्याबद्दल एक ओळ नाही." शेवटचा टोला बरोबर बसलाय. त्याकडे येतोच, पण आधी थोडं भांडतो.

विधिमंडळ नव्हतं, मान्य. सरकारने नेमलेल्या सदस्यांचं मंडळसुद्धा १८२४ साली बसलं आणि पहिली निवडणूक व्हायला १८४३ उजाडलं. म्हणूनच तिथलं राजकारण कोर्टात शिरलं. हेन्री केबलला घरफोडीबद्दल फाशी सुनावली होती, ती हद्दपारीवर आली. इंग्लंडच्या कायद्यात असा माणूस जिवंतपणीच मेलेला: त्याला मालमत्ता नाही, दावा लावता येत नाही. तरी जुलै १७८८ मध्ये, वसाहत जेमतेम सहा महिन्यांची असताना, त्याने आणि त्याच्या बायकोने, सुझानाने, जहाजाच्या कप्तानावर दावा ठोकला. इंग्लंडमध्ये लोकांनी वर्गणी काढून त्यांच्यासाठी दिलेलं सामान जहाजावर गहाळ झालं होतं. दाव्याच्या कागदावर हे दोघं 'कैदी' नाहीत, 'इथले नवे रहिवासी' आहेत. या एका शब्दफेरावर दावा टिकला आणि १५ पौंड मिळाले.

याला मी दयाळूपणा म्हटलेलं नाही. वसाहतीत कैदीच बहुसंख्य होते. त्यांना कायद्याने मेलेलं धरलं असतं तर उधारी-उसनवारी, खरेदी-विक्री कोणी कोणाशी करायची? हाच केबल पुढे मुख्य कॉन्स्टेबल झाला, मग जहाजांचा मालक आणि सीलच्या कातड्यांचा व्यापारी.

आणि माजी कैदी व बाकीचे गोरे यांच्यातली तेढ तर पुढेच वाढली. १८१० साली सूत्रं हाती घेतलेल्या गव्हर्नर मॅक्वारीने सिमियन लॉर्ड आणि अँड्र्यू थॉम्पसन या दोन माजी कैद्यांना मॅजिस्ट्रेट केलं. त्यांच्याबरोबर रस्त्याच्या विश्वस्त मंडळात बसायला रेव्हरंड मार्सडेनने साफ नकार दिला. (हा पाद्री, बरं का. पापी सुधारतात यावर ज्याचा धंदा चालतो तो.) पुढे गव्हर्नरने दिलेल्या माफीने नागरी हक्क परत मिळतात का, यावरच न्यायालयात शंका निघाली. तेव्हा सुटलेल्या कैद्यांनी १८२१ मध्ये सभा भरवली, राजाकडे अर्ज केला आणि ईगर व रेडफर्न हे त्यांच्यातलेच दोघे तो घेऊन लंडनला गेले. याला राजकारण नाही तर काय म्हणायचं?

आता तुमचा टोला. केबलचा खटला सांगताना त्याच्या शेजारी हॉक्सबरीचा खटला ठेवायला हवा होता. तो न ठेवणं ही माझी चूक. १७९९ मध्ये हॉक्सबरी नदीकाठच्या पाच गोऱ्या वसाहतकऱ्यांनी मूळ रहिवाशांच्या दोन मुलांना ठार मारलं. कोर्टाने पाचही जणांना दोषी ठरवलं. पण शिक्षा काय द्यायची ते लंडनला विचारू, असं म्हणून त्यांना जामिनावर घरी सोडलं, आणि १८०२ मध्ये लंडनहून माफी आली. १८०५ साली तर जज-ॲडव्होकेट (वसाहतीचा मुख्य न्यायाधिकारी) ॲटकिन्सने लेखी मतच दिलं: मूळ रहिवाशांवर शपथेचं बंधन नाही, म्हणून त्यांना कोर्टात ना आरोपी म्हणून उभं करता येतं, ना साक्षीदार म्हणून, तेव्हा पाठलाग करून जागच्या जागी काय ती शिक्षा द्यावी.

म्हणजे ज्या कोर्टाला फाशीच्या कैद्यासाठी पळवाट सापडली, त्याला इथे शपथेची अडचण आडवी आली. कैद्याला आत घेतल्याशिवाय वसाहत चालत नव्हती, आणि मूळ रहिवाशाला आत घेतलं की जमीन कोणाची हा प्रश्न आला असता.

हॉक्सबरीचा खटला आज रात्री मूळ लेखात घालतोय. १५ पौंडांचा परिच्छेद मात्र काढणार नाही.