याला कॅम्पिंग म्हणायचं का? युमाच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ॲरिझोनातल्या युमाला कोलोरॅडो नदीकाठच्या आरव्ही पार्कात हिवाळ्यात घरच्यांबरोबर मुक्काम करा, असं मी लेखात सुचवलं होतं. (आरव्ही म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी.) त्यावरची तुमची प्रतिक्रिया लांब आहे आणि मनापासून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळी होत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आरव्ही पार्क म्हणजे वीज-पाणी-सांडपाण्याची सोय असलेला वाहनतळ, त्याला कॅम्पिंग म्हणू नये. युमाजवळची कोलोरॅडो ही नदी उरलेलीच नाही, धरणांनी तिचा कालवा केलाय. आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना ऐन जानेवारीत नदीकाठी गाडीत झोपवणं म्हणजे त्यांचे हाल करणं. त्यापेक्षा ग्रँड कॅन्यनला हॉटेल घ्यावं.

आधी शेवटचा मुद्दा घेते, कारण तो वाचून कुणी आपला बेत बदलेल. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ समुद्रसपाटीपासून सुमारे 2,100 मीटरवर आहे. जानेवारीत तिथे बर्फ असतो आणि रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. ग्रँड कॅन्यनमधून वाहणारी हीच कोलोरॅडो खाली वाळवंटात युमाला येते तेव्हा उंची 50 मीटरसुद्धा राहत नाही. तिथे जानेवारीत दुपारी साधारण 20-21 अंश आणि रात्री 8 अंशांच्या आसपास तापमान असतं. वर्षाचा पाऊस 100 मिलिमीटरपेक्षा कमी. पुण्या-नाशकाहून आलेल्या माणसाला ही थंडी अजिबात परकी नाही. गाडीला पार्कातली वीज जोडलेली असली की छोटा हीटर रात्रभर चालतो. फक्त ऊब मिळावी म्हणून गॅसची शेगडी पेटवून झोपू नका, आणि गाडी ताब्यात घेतानाच कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजवून बघा.

वयस्कांना खरा त्रास गाडीच्या पायऱ्यांचा होतो. त्या उंच आणि अरुंद असतात. गुडघे दुखत असतील तर धरायला भक्कम दांडा आहे का, हे गाडी ठरवतानाच विचारा. बाकी रात्री उठलं तर चार पावलांवर संडास आणि पहाटे पाचला जाग आली तर कुणालाही न विचारता स्वतःच्या हाताने चहा, ही सोय आमच्या घरच्यांना हॉटेलात कधीच मिळाली नाही.

आता कॅम्पिंग. तंबूत राहणाऱ्यांनी आरव्हीवाल्यांकडे जरा तिरकं बघावं, ही रीत अमेरिकेतही आहे, आणि दोन गाड्यांमध्ये मोजकंच अंतर असतं हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण मी तिथे एकांतासाठी जात नाही. कॅनडातून, मिनेसोटातून, डाकोटातून आलेली निवृत्त मंडळी नोव्हेंबर ते मार्च तिथे मुक्काम ठोकून असतात. स्नोबर्ड म्हणतात त्यांना. कुठल्या वळणावर बदकं उतरली आहेत, कुठला कच्चा रस्ता वाळूने बुजलाय, हे ती माणसं सांगतात. माहितीपत्रकात ते नसतं. ज्यांना खरोखर शांतता हवी त्यांच्यासाठी इम्पीरियल धरणाजवळ सरकारी जमिनीवर लाँग टर्म व्हिजिटर एरिया, म्हणजे लांब मुक्कामासाठी राखलेली मोकळी जागा आहे. त्याचा हंगाम 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल. जागेवर नळ नाही, वीज नाही, वर आभाळ. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर मी ती सुचवणार नाही.

तुमचा नदीबद्दलचा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शहरातल्या पुलावरून बघितलं तर तुम्ही म्हणता तशीच ती दिसते, बारीक. कारण शहराच्या वर इम्पीरियल धरणाशी बहुतेक पाणी ऑल-अमेरिकन कालव्यात वळतं आणि सुमारे 130 किलोमीटर पश्चिमेला कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल खोऱ्यातल्या शेतांकडे जातं. युमाच्या शेतांना मिळणारं पाणी तर नदीच्याच तळाखालून, 1912 साली बांधलेल्या बोगद्यातून कॅलिफोर्नियाच्या बाजूने ॲरिझोनात येतं. हिवाळ्यात अमेरिकेतल्या कुठल्याही दुकानातून लेट्यूसचा गड्डा उचला, तो बहुधा याच पाण्यावर वाढलेला असतो. भल्या पहाटे शेतांच्या कडेने गेलात तर वाकून हाताने तोडणी करणारे मजूर दिसतात. त्यांतले कित्येक अंधारातच सीमा ओलांडून मेक्सिकोतून आलेले असतात. पुढे मेक्सिकोच्या हद्दीत मोरेलोस धरणाशी उरलेलं पाणीही उचललं जातं आणि एरवी नदी समुद्रापर्यंत पोचत नाही. 2014 च्या वसंतात दोन्ही देशांनी ठरवून पाणी सोडलं तेव्हा ती काही काळ पोचली होती.

हे सगळं माहीत असूनही, खरं तर म्हणूनच, मी लोकांना तिथे जा म्हणते. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला जाताना भीमा अडवलेली आहे म्हणून आपण वाटेतून परत फिरत नाही. इम्पीरियल धरणाच्या वर मार्टिनेझ लेकच्या बाजूला जा. तिथलं इम्पीरियल वन्यजीव आश्रयस्थान नदीचा जवळजवळ 48 किलोमीटरचा पट्टा राखून आहे. मेक्सिकोत शिरण्याआधी नदी बांधून सरळ न केलेला शेवटचा भाग त्यातच येतो. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून बदकं, हंस, पांढरे पेलिकन येतात. आणि शहराला लागून ईस्ट वेटलँड्स ही पाणथळ जागा आहे. पूर्वी तिथे उपटसुंभ टॅमरिस्क झुडपांची जाळी आणि कचऱ्याचे ढीग होते. क्वेचान आदिवासी आणि युमा शहर यांनी मिळून ते साफ केलं, कॉटनवूड आणि विलोची झाडं लावली, पाण्याच्या वाटा मोकळ्या केल्या. तुमच्या मेलेल्या नदीच्या काठावर हे काम झालंय. सकाळी त्या पायवाटेने एकदा चाला आणि मग मला पुन्हा लिहा.

"बघायला काय, एक जुना तुरुंग," असंही तुम्ही लिहिलंय. तो तुरुंग 1876 मध्ये सुरू झाला, 1909 मध्ये बंद पडला. पुढे 1910 ते 1914 तिथे गावची हायस्कूल भरत असे, आणि त्या शाळेचे खेळाडू आजही 'क्रिमिनल्स' या नावाने मैदानात उतरतात! मुलांना हे इतकं आवडतं की आत काय आहे ते ती नीट ऐकतात. पश्चिमेला इंटरस्टेट 8 च्या बाजूला वाळूच्या टेकड्यांमध्ये लाकडी फळ्यांच्या रस्त्याचे अवशेष आहेत. 1926 पर्यंत मोटारी त्या फळ्यांवरून वाळवंट पार करत. जवळच बार्डला मेडजूल खजुराच्या बागा आहेत. 1927 साली मोरोक्कोतून 11 फुटवे आणले गेले, आणि अमेरिकेतल्या मेडजूलची सुरुवात त्यांतून झाली. घरी परतताना आईने तिथून पेटी घेतल्याशिवाय आम्हाला निघू दिलेलं नाही.

एक सूचना, जी मूळ लेखात नव्हती: नदी हीच दोन राज्यांची सीमा आहे आणि हिवाळ्यात पलीकडे कॅलिफोर्नियात घड्याळ एक तास मागे असतं. कुठे वेळ ठरवून जाणार असाल तर कुठल्या काठाची वेळ ते विचारून घ्या.

इंधनाच्या बाबतीत तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मोठी मोटरहोम लिटरला चार किलोमीटर गेली तरी खूप. म्हणून सॅन डिएगो किंवा फिनिक्सहून येणाऱ्यांना मी आता वेगळं सुचवते: आपल्या साध्या गाडीने या, आणि पार्कातच ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) आणून उभा करून देणारा भाड्यावाला शोधा. वीज-पाण्याची जोडणी तोच करून देतो का, हे आधी विचारा. पार्कात जागा सांगताना 30 अँपिअरचं कनेक्शन हवं की 50 चं, तेही त्याच्याकडूनच कळेल. जानेवारी-फेब्रुवारीत स्नोबर्ड मंडळींमुळे नदीकाठच्या जागा भरलेल्या असतात, तेव्हा त्या सप्टेंबरातच धरून ठेवा.