एक मोजा, एक शिफ्ट

मी अनस्किल्ड लेबर आहे. हे मला गेल्या शनिवारी डेक्कन क्वीनमध्ये, कर्जतच्या जरा अलीकडे, एका पूर्ण अनोळखी काकांनी हिशेब मांडून सिद्ध करून दाखवलं आणि खरं सांगते, अजून डोक्यातून जात नाहीये.

मी काय करत होते, तर विणत होते. बास. दादरला चढले, खिडकी होती, पिशवीतून अर्धा झालेला मोजा काढला आणि सुरू केलं. लोक गाडीत तीन-तीन तास रील्स बघतात, तेही फुल आवाजात, त्यांना कोणी काही विचारत नाही. पण बाई सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन बसली की ती सगळ्या डब्याची सार्वजनिक मालमत्ता होते. प्रश्नही ठरलेले. "कुणाकडे काय?" हा पहिला, म्हणजे बाळ कुणाकडे. हल्ली त्याचं "नातवंडासाठी का?" झालंय. मी चव्वेचाळीसची आहे हो! मुलगा नववीत आहे, त्याला स्वतःचा डबा सिंकमध्ये ठेवायचं भान नाही, नातवंडं कुठली. मग "पुण्यात एवढी थंडी असते का आता?" नसते, मान्य आहे. आणि शेवटी "रेडिमेड मिळतात की!", हे तर अशा आवाजात सांगतात की जणू मी कधी दुकानच बघितलं नाहीये.

समोरच्या काकांनी यातलं काहीच विचारलं नाही, म्हणून मी फसले. सत्तरीचे असतील, शर्टाच्या खिशात पेन, शेजारी काकू तोंडावर पदर घेऊन झोपलेल्या. कुठल्याशा कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगला होते, रिटायर झाले, हे त्यांनी नंतर सांगितलं. कल्याण गेल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"किती टाके?"

"चौसष्ट."

"एका फेरीला?"

"हो."

मग गप्प. मला वाटलं, काय सभ्य माणूस आहे. तर नाही, ते वेळ लावत होते. मनगटावरच्या घड्याळावर. माझी फेरी पूर्ण झाल्यावर म्हणाले, "दोन मिनिटं चाळीस सेकंद. मधे तुम्ही बाहेर बघितलंत त्याचे दहा वजा. अडीच मिनिटं धरू." आणि खिशातून पेन आणि बिलाचा पाठकोरा कागद काढला.

"एका मोज्याला फेऱ्या किती होतात?"

आता इथे उठून दुसरीकडे जाऊन बसायला हवं होतं, पण इतक्या वर्षांत मला कोणी तांत्रिक प्रश्न विचारलेला नाही हो. घरात कोणी नाही, सासरी नाही, माहेरी नाही. मी खुलले. म्हटलं, घोट्याच्या वर सात इंच, पाऊल नऊ इंच, इंचाला अकरा फेऱ्या पडतात. ते लिहीत होते. एकशे शहात्तर फेऱ्या, गुणिले अडीच, चारशे चाळीस मिनिटं, सात तास वीस. "टाचेचे वेगळे," मीच प्रामाणिकपणे म्हटलं, कारण टाच हा मोज्यातला सगळ्यात वाकडा प्रकार, अर्ध्या टाक्यांवर मागेपुढे विणून पट्टी करायची, मग खाली वळण द्यायचं, पट्टीच्या दोन्ही कडांनी टाके उचलायचे आणि मग हळूहळू कमी करत परत चौसष्टवर यायचं, एवढं सगळं मी हातवारे करून समजावलं. ते म्हणाले, "चाळीस मिनिटं देतो टाचेला. राउंड फिगर आठ तास. एक मोजा, एक शिफ्ट. चहाची सुट्टी धरलेली नाही."

टाचेला चाळीस मिनिटं! ज्यानं कधी टाच वळवली नाही तोच असं म्हणू शकतो.

"लोकर केवढ्याची?"

मी हळूच सांगितलं, कारण नवऱ्यालासुद्धा हा आकडा मी कधी सांगितलेला नाही. शंभर ग्रॅमची लडी, पंचाहत्तर टक्के लोकर, पंचवीस टक्के नायलॉन, चारशे मीटर धागा, चौदाशे रुपये. काकांनी पेन थांबवलं, माझ्याकडे बघितलं, मग लिहिलं.

"मजुरी. अनस्किल्ड धरतो. पाचशे रुपये शिफ्ट."

"का?" मी म्हटलं. "स्किल्ड धरा की."

"आयटीआय केलंय का?"

"मोजे विणायचा आयटीआय नसतो काका."

"मग अनस्किल्ड," म्हणाले, फार समजूतदारपणे. "दोन शिफ्टचे हजार. अधिक चौदाशे. चोवीसशे. वर दहा टक्के ओव्हरहेड. सव्वीसशे चाळीस रुपये जोड." आणि मग त्यांनी जे केलं ते मी त्यांना माफ करणार नाही. म्हणाले, "प्लॅटफॉर्मवर शंभरला तीन जोड मिळतात. म्हणजे तुमच्या एका जोडात एकोणऐंशी जोड येतात, वर सहा-सात रुपये सुटे."

मधल्या सीटवरचा रील्सवाला पोरगासुद्धा फोन खाली करून ऐकायला लागला होता.

मी बचावाला इतिहास काढला, तो अंगाशी आला. म्हटलं, काका, हे काम फार जुनं आहे. १५८९ मध्ये इंग्लंडात विल्यम ली नावाच्या पाद्र्यानं मोजे विणायचं मशीन केलं, तर म्हणतात की पहिल्या एलिझाबेथ राणीनं त्याला पेटंट दिलं नाही, हातानं विणणाऱ्या गरिबांचं पोट जाईल म्हणून. मला वाटलं यावर ते जरा हळवे होतील. तर म्हणाले, "म्हणजे १५८९ ला मशीन आलं, आणि तुम्ही अजून हातानंच?"

मग मी इजिप्तला गेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये इजिप्तमध्ये उत्खननात सापडलेले लोकरीचे मोजे आहेत, लालभडक, सोळाशे वर्षांपेक्षा जुने. एकाच सुईनं केलेले, आमच्या विणकामाच्या आधीचा प्रकार. आणि त्यांना अंगठा वेगळा आहे, सँडलमध्ये घालता यावेत म्हणून. काका म्हणाले, "म्हणजे आपल्या बायका डिसेंबरात चपलेत घालतात ते." हो, तेच. "सोळाशे वर्षांत काही प्रोग्रेस नाही म्हणायची." यावर खरंच उत्तर नाही.

"वर्षाचं एकूण प्रॉडक्शन?" हा पुढचा प्रश्न. शाली, मोजे, टोप्या, मी म्हटलं. आकडा दिला नाही, कारण पुढचा कॉलम डिस्पॅचचा निघाला असता आणि ते दुखणं मला डब्यात उघडायचं नव्हतं. तुम्हाला सांगते. मी मावशीला एक शाल करून दिली, जाळीची, पानांची नक्षी, बारीक धागा. विणून झाल्यावर ती ओली करून, ताणून, गादीवर टाचण्या मारून वाळवावी लागते, तेव्हा ती नक्षी उमलते, नाहीतर चुरगळलेलं फडकं दिसतं. दोन रात्री आम्ही सगळे हॉलमध्ये झोपलो. रशियात ओरेनबर्गच्या शाली अंगठीतून आरपार जातात म्हणतात, माझी निदान बांगडीतून जात होती, मी करून बघितलं. मावशी म्हणाली, "छान आहे गं, पण भोकं का ठेवलीस?" आपल्याकडे शाल म्हटलं की सत्काराची, नारळाबरोबर येणारी, ती कशी बिनभोकाची असते. मावशीच्या यजमानांच्या पंचाहत्तरीच्या तसल्या शाली त्यांच्या लोफ्टवर ढिगानं आहेत, त्या कोणी पांघरत नाही, आणि माझी हार्मोनियमवर घातलीय. हार्मोनियम कोणी वाजवत नाही.

टोपी कॅनडातल्या भाच्याला पाठवली होती, मऊ मेरिनोची. त्यांनी ती बाकीच्या कपड्यांबरोबर गरम पाण्यात मशीनला लावली. अशी लोकर गरम पाण्यात घुसळली की आटून घट्ट होते, तशी ती झाली. मग फोटो आला. टोपी टेडी बेअरच्या डोक्यावर. खाली, "परफेक्ट फिट!! थँक्यू मावशी!!" मी हसण्याचा इमोजी टाकला. लोक फुकटच्या वस्तूला जे करतात ते पैसे देऊन आणलेल्या वस्तूला करत नाहीत. त्याच घरात जॅकेटचं लेबल वाचून धुतात, मला माहितीये.

असो. काकांकडे येते. त्यांना तोवर उपाय सुचला होता. "दोन्ही मोजे एकदम का घेत नाही? सेटअप टाइम वाचेल, दोन्ही एकसारखे येतील."

आता यात संताप असा, की हे बरोबर आहे. लांब गोल सुईवर दोन मोजे शेजारी-शेजारी विणायची पद्धत खरंच आहे. आणि आम्हा मोजेवाल्यांचं मोठं दुखणं तेच, की पहिला मोजा उत्साहात होतो आणि दुसरा घ्यायचा जीव होत नाही, माझ्या कपाटात असे एकटे मोजे आहेत ज्यांना जोडीदार मिळण्याची आशा मी सोडलीये. पण हे सगळं मी काकांना कशाला सांगू? मी म्हटलं, "तसं नाही करता येत." अजिबात वाईट वाटलं नाही मला.

कर्जत आलं. गाडीला मागून घाटासाठी इंजिनं लागली, वडेवाले आले आणि काकू उठल्या. उठल्या त्या थेट वड्याला. दोन खाल्ले, सुकी चटणी बोटांनी टिपली, पेपर नॅपकिननं हात पुसले, म्हणजे पुसल्यासारखे केले, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघू गं."

"बघू" म्हणजे बघू, असं मी समजले. त्यांनी मोजा हातातून काढूनच घेतला.

"या सुया आहेत का दातकोरणी?" माझ्या पाच आखूड सुया, दोन्हीकडे टोक असलेल्या. "आम्ही सायकलच्या तारा घासून त्याच्यावर विणायचो." मग मोजा ताणून बघितला. "टाके फार घट्ट आहेत तुझे. कुठे शिकलीस? यूट्यूब?" आणि विणायला लागल्या. माझा मोजा. विचारणं वगैरे नाहीच. गाडी घाट चढतेय, बोगदे येताहेत, डब्यात दिवे पिवळे, आणि या बाई न बघता विणताहेत, बघायची गरजच नाही, बोटं आपोआप चाललीयेत, आणि मधेच काकांना विचारताहेत की गॅस बंद केला होतात ना.

मला काही क्षण कौतुकच वाटलं. मग हात बघितला. त्या एक फेरी उलट घालत होत्या, एक सुलट, एक उलट, एक सुलट. म्हणजे स्वेटरची सवय. स्वेटर सपाट विणतात, पुढून सुलट, फिरवून मागून उलट, म्हणजे पुढची बाजू साफ येते. मोजा गोल असतो. तो फिरवायचाच नसतो, फेरीमागून फेरी सुलटच घालायची. तिथे उलटी फेरी घातली की बाहेरून सरळ एक वरंबा उठतो.

"काकू, सगळ्या सुलट आहेत त्या."

"असू दे गं, होतं बरोबर."

मोठ्या माणसाच्या हातातून मोजा कसा हिसकावायचा हे मला आईनं शिकवलेलं नाही. शिकवायला हवं होतं. आणि तेवढ्यात काका ओरडले, खरंच ओरडले, "दोन मिनिटं दहा सेकंद! फेरीला वीस सेकंदांची बचत!" आणि कागदावर काकूंच्या नावाची वेगळी ओळ काढून त्यापुढे लिहिलं, मी उलटं वाचलं पण नीट वाचलं, "स्किल्ड".

खंडाळा गेल्यावर मोजा परत मिळाला. चार फेऱ्या, घोट्याच्या वर दोन वरंबे, आणि एका टाक्यात लसणीच्या चटणीचा लाल कण. मी म्हटलं, उसवावं लागेल. काकू म्हणाल्या, "कशाला, बॉर्डर छान दिसतेय." काका म्हणाले, "रिवर्क आलं म्हणजे कॉस्ट वाढली." रील्सवाल्या पोरानं तर मान डोलावली. तुझं काय रे मधे?

पुण्यात उतरताना काकांनी तो कागद घडी करून मला दिला, भेट दिल्यासारखा, आणि म्हणाले, "नऊ नंबर आहे माझा. बनवा एक जोड. पण अडीचशेच्या वर देणार नाही." काकू म्हणाल्या, "अहो, मी विणून देते ना." काका म्हणाले, "ते तू तीस वर्षं म्हणतेयस." आणि गर्दीत दिसेनासे झाले. बाय नाही, सॉरीचा तर प्रश्नच नाही.

नवरा म्हणतो, बुटात कुठे दिसतंय. बुटात न दिसायला मी चौदाशेची लोकर आणत नाही, असं म्हणणार होते, पण मग चौदाशे कळले असते. उसवायला बसले तर नवीनच भानगड. त्या चार फेऱ्या मी पुन्हा पुन्हा बघितल्या, आणि वरंबे सोडले तर टाके इतके एकसारखे आहेत, इतके सैलसर, मऊ, की त्याच्या वरखाली माझेच टाके वाईट दिसताहेत. चटणी काढली, फेऱ्या ठेवल्या. पण मग दुसऱ्या मोज्याला त्याच जागी तशीच बॉर्डर हवी, नाहीतर जोड कसा म्हणायचा? तर गेले चार दिवस मी मुद्दाम उलट फेऱ्या घालतेय, उसवतेय, परत घालतेय, मोठ्या नंबरच्या सुया घेऊन बघितल्या, न बघता विणून बघितलं, आणि त्या काही तशा येत नाहीयेत. घट्टच येताहेत.