सन्हेरीबचे सूळ आणि सायरसची दया : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. असिरियन साम्राज्यावरच्या (प्राचीन इराकमधल्या) माझ्या लेखाबद्दल तुमचे दोन आक्षेप आहेत. हद्दपार केलेल्या लोकांना सरकारी शिधा मिळत होता असं सांगून मी जुलमी राजांची वकिली केली, हा पहिला. आणि जित लोकांना दयेनं वागवणाऱ्या, मानवी हक्कांचा पहिला जाहीरनामा देणाऱ्या पर्शियन सम्राट सायरसचं नावही घेतलं नाही, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. लाखिशबद्दल लिहायलाच हवं होतं, ते राहिलं, ही चूक माझी.

इ.स.पू. 701 मध्ये असिरियन राजा सन्हेरीबनं यहूदाच्या, म्हणजे यरुशलेमभोवतालच्या ज्यू राज्यातलं हे तटबंदीचं शहर घेतलं आणि आपली राजधानी निनवे इथल्या राजवाड्यात त्या वेढ्याची शिल्पं कोरून घेतली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तटाबाहेर तीन नागडे पुरुष सुळावर चढवलेले दिसतात. पुढे दोघांना जमिनीवर ताणून त्यांची कातडी सोलणं चाललंय. आणि त्याच शिल्पपटात एक बैलगाडी आहे. गाठोड्यांवर बायका-पोरं बसली आहेत, पुरुष अनवाणी चालताहेत. सूळ आणि बैलगाडी एकाच मोहिमेतले आहेत. मी फक्त बैलगाडीबद्दल लिहिलं.

पण बैलगाडी खोटी नव्हती. राजाला कर भरणारे, नांगर धरणारे, भिंती बांधणारे हात हवे होते. मेलेला माणूस यातलं काहीच करत नाही, आणि एकटा नेलेला माणूस पळून जातो. म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं हलवली जात. शोमरोनमधून, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या राजधानीतून, 27,290 माणसं नेली असं सन्हेरीबचा बाप दुसरा सारगोन स्वतः सांगतो. तिथले रथी तर त्यानं थेट आपल्या सैन्यात घेतले. यहूदातून 2,00,150 माणसं बाहेर काढल्याचा सन्हेरीबचा आकडा मात्र फुगवलेला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. तरी गावंच्या गावं ओस पडली यात शंका नाही. माणसाला जिवंत ठेवून त्याचं गाव कायमचं तोडणं याला मी दया म्हणत नाही, लेखातही म्हटलं नव्हतं.

आता सायरस. इ.स.पू. 539 मध्ये बॅबिलोन घेतल्यावर त्याच्या नावानं लिहिलेला मातीचा दंडगोल 1879 मध्ये सापडला. 1971 मध्ये इराणच्या शहानं त्याची प्रतिकृती संयुक्त राष्ट्रांना भेट दिली आणि 'मानवी हक्कांचा जाहीरनामा' हे नाव जगभर पसरलं. मूळ मजकूर वाचला की चित्र वेगळं दिसतं. बॅबिलोनचा देव मार्दुक जुन्या राजावर रुसला, त्यानं सायरसला निवडलं, मग सायरसनं देवळं दुरुस्त करून मूर्ती आणि माणसं आपापल्या ठिकाणी परत पाठवली. नवा राजा गादीवर बसला की मेसोपोटेमियात अशीच भाषा वापरायची रीत होती. त्यात ज्यूंचा उल्लेखही नाही. ज्यूंना यरुशलेमला परतायची परवानगी मिळाल्याचं बायबल सांगतं, आणि ज्यांना ती मिळाली त्यांनी कोरेशला (बायबलमधलं सायरसचं नाव) देवाचा अभिषिक्त म्हणावं हे मला अगदी समजतं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही म्हटलं असतं.

पण त्याच साम्राज्याचा नंतरचा एक राजा पहिला दारियस पाहा. बंडखोर फ्रावर्तिशचं नाक, कान आणि जीभ कापली, एक डोळा फोडला, सगळ्यांना दिसेल असा त्याला दारात बांधून ठेवला आणि शेवटी एकबटानाला सुळावर दिला, हे इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर त्यानंच कोरून ठेवलंय. इ.स.पू. 494 मध्ये बंड केलेलं ग्रीक शहर मिलेटस पडल्यावर वाचलेल्या लोकांना पर्शियन राजधानी सूसाला नेऊन टायग्रिसच्या मुखाजवळ वसवलं, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो. ही असिरियन पद्धतच झाली. पर्शियन राजधानी पर्सेपोलिसच्या मातीच्या पाट्यांवर दूरदूरच्या देशांतून आणलेल्या मजुरांच्या शिध्याचा हिशोब आहे. बाळंतिणीला जादा शिधा मिळे. मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट.

म्हणून 'क्रूर असिरियन, दयाळू पर्शियन' ही जोडी मला पटत नाही. एकानं भीती बसवण्यासाठी सूळ भिंतीवर मिरवले, दुसऱ्यानं बॅबिलोनच्या पुजाऱ्यांना पटेल असं लिहवून घेतलं. आपण दोघांच्या जाहिराती वाचतोय.

मला जाहिरातीपेक्षा कारकुनी पत्रं जास्त खरी वाटतात, आणि शिध्याकडे मी वळलो तो त्यांच्यामुळेच. एका असिरियन अधिकाऱ्याचं राजाला पत्र आहे. वसवायला आणलेल्या अरामी लोकांची लग्नं लावून द्या असा राजाचा हुकूम होता. अधिकारी कळवतो, की मुली पुष्कळ सापडल्या, पण त्यांचे बाप देज, म्हणजे मुलीबद्दल वराकडून मिळणारी रक्कम, मिळाल्याशिवाय द्यायला तयार नाहीत. तेव्हा देजाचे पैसे द्यावेत, म्हणजे लग्नं होतील. त्या मुलींना कुणी विचारल्याचं पत्रात कुठेही नाही.

लाखिशवरचा परिच्छेद आजच लेखात घालतो, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून.