दिल्ली दर्शन म्हणे! दर्शन कसलं, डोंबल!

कुतुबमिनारला वीस मिनिटं. हुमायूनच्या मकबऱ्याला ‘वेळ उरला तर’. आणि कुठल्याशा हस्तकला एम्पोरियममध्ये तब्बल दीड तास! तिथे एसी असतो, चहा मिळतो, गालिचे उलगडून उलगडून दाखवतात आणि बाहेर पडायचं दार गाठायला चार दालनं ओलांडावी लागतात. कमिशन कोण खातं हे शेंबडं पोरही सांगेल. खा बापहो, खुशाल खा. पण आमच्या कुतुबमिनाराच्या वेळातून कशाला खाता?

त्या वीस मिनिटांचा हिशेब ऐका. अख्खी बस उतरेपर्यंत पाच गेली. तिकिटाचा क्यूआर कोड कोणाच्या तरी फोनवर उघडेना, त्यात आणखी पाच. मग स्वच्छतागृहाची रांग. मग ग्रुप फोटो, त्यात कोणीतरी कायम गायब. ऐबकाने ११९९च्या सुमारास सुरू केलेला, इल्तुतमिशने वर चढवलेला, वीज पडल्यावर फिरोजशहा तुघलकाने १३६८मध्ये वरून पुन्हा बांधलेला ७२.५ मीटरचा मनोरा आमच्या वाट्याला आला तो कशासाठी, तर त्याचं टोक चिमटीत धरल्याचा फोटो काढायला. खालचे मजले तांबड्या दगडाचे आणि वर संगमरवर दिसतो, तो का, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मान वर करायची तर फोन खाली ठेवावा लागतो ना!

एका काकांनी बिचाऱ्यांनी विचारलं, “आत का सोडत नाहीत हो?” गाइड म्हणतो, “अंदर भूत है.” सगळे खो खो हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. १९८१मध्ये आतले दिवे गेले, अंधाऱ्या जिन्यात चेंगराचेंगरी झाली आणि ४५ जण मेले, त्यात बहुतेक शाळेच्या सहलीला आलेली पोरं होती. तेव्हापासून जिना बंद आहे. यात हसण्यासारखं काय आहे?

शेजारचा लोखंडी स्तंभ सोळाशे वर्षं उन्हापावसात उभा आहे, गंजत नाही. आपली माणसं मात्र त्याला पुरून उरली. पाठ टेकून मागे हात जुळले की इच्छा पूर्ण होते म्हणत लोकांनी तो इतका घासला की १९९७मध्ये भोवती कुंपण घालावं लागलं. आता त्या कुंपणाला टेकून फोटो काढतात.

पण माझं डोकं खरं फिरलं ते लाल किल्ल्यात. दिवाण-ए-खासपुढे गाइडने ठोकून दिलं की छताला चांदी होती, ती इंग्रजांनी नेली. आणि बसभर मराठी माणसं माना डोलावताहेत! अहो, ती चांदी १७६०मध्ये आपल्या सदाशिवरावभाऊंनी काढली. तिजोरीत खडखडाट, फौजेचा पगार थकलेला, म्हणून छताची चांदी उतरवून नाणी पाडली. पुढच्या जानेवारीत पानिपत. ज्या पानिपताचं नाव काढलं की आपण आजही हळहळतो, तिथे जाण्याआधी भाऊंवर काय वेळ आली होती ते या छताखाली उभं राहून कळायला हवं. मी बोलले, तर एक जण म्हणे, “छे छे, मराठे असलं काही करणार नाहीत.” पाठोपाठ ‘जय भवानी’ची घोषणा, त्याचा व्हिडिओ, आणि चला पुढे!

बरं, इंग्रजांच्या नावावर टाकायला खऱ्या गोष्टी काय कमी आहेत? १८५७नंतर किल्ल्यातल्या बऱ्याच महालांवर त्यांनी कुदळ चालवली आणि मोकळ्या जागेत बराकी बांधल्या. त्या बराकी समोर उभ्या आहेत, धडधडीत! त्यावर गाइडने चकार शब्द काढला नाही.

बाकीची दिल्ली बसमधून. “डाव्या हाताला बघा, राष्ट्रपती भवन!” उजव्या खिडकीवाल्यांनी काय करायचं, डावीकडच्यांच्या मांडीवर बसायचं? जंतरमंतरची ओळख एका वाक्यात आटोपली, “यहाँ धरना होता है.” झालं. सवाई जयसिंगाने १७२४मध्ये दगडाची वेधशाळा उभारली, सावलीवरून वेळ मोजली, ते गेलं उडत. भोवतीच्या उंच इमारतींनी त्या यंत्रांचं आकाशच अडवलंय, आता आम्हीही बस न थांबवता हातभार लावतो.

आणि ते भिंतींवरचे बदाम! दगडात किल्लीने कोरलेले अमुक आणि तमुक. कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आमच्यातलंच एक कार्टं कोरत होतं, तर आई कौतुकाने म्हणते, “अक्षर बघ कसं सुंदर आहे.” मी खडसावलं तर मीच भांडखोर ठरले.

हुमायूनच्या मकबऱ्यासाठी अर्थातच वेळ उरला नाही. औरंगजेबाचा भाऊ दारा शुकोह तिथे पुरलाय, शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर १८५७मध्ये तिथेच इंग्रजांच्या हाती लागला, एवढं सगळं मी टूर मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, “अहो ताई, कबरीच तर आहेत. त्यात काय बघायचंय?”

दुसऱ्या दिवशी ‘खरेदीसाठी मोकळा वेळ’ होता. त्यात रिक्षा केली आणि एकटीच जाऊन आले. सगळं निवांत पाहिलं, कोणी शिट्टी मारून बोलावलं नाही. रिक्षाचे आणि तिकिटाचे पैसे मी कंपनीकडून मागितलेत, कारण छापील कार्यक्रमात मकबरा ठळक अक्षरांत होता, ‘वेळ उरला तर’ कुठेही नव्हतं. पैसे भरायच्या आधी दिवसातून चारदा फोन करणारे आता फोन उचलत नाहीत. करत राहणार आहे मी फोन. रोज.