वीस मिनिटांची नोकरी

केविन आमच्या घरी आला तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि रिटायर झालेला होता. नाव आम्ही ठेवलेलं नाही, ते केनेलमधूनच आलं. दोन्ही कानांत गोंदलेली अक्षरं, म्हणजे जन्म आयर्लंडचा. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या ट्रॅकवर धावणारे बहुतेक ग्रेहाउंड कुत्रे तिकडचेच असतात. म्हणजे हाही आमच्यासारखाच कामानिमित्त इथे आलेला. फरक इतकाच की त्याचं काम संपलं होतं आणि आमचे हप्ते चालू होते.

रेडिंगमधलं आमचं घर म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या ओळीतलं एक. रिटायर कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या संस्थेच्या बाई घर बघायला आल्या, टेपने मागचं कुंपण मोजलं आणि म्हणाल्या, ‘पाच फूट तरी हवंच, हे उडी मारतात.’ आमच्या केविनला कुंपणावरून उडी मारायचा विचार सोडाच, मागच्या दारातून बागेत पाय टाकायलाच दोन दिवस लागले. बाईंनी जाताना एक मुसकं, एक कोट, एक माहितीपुस्तिका आणि एक खास गळपट्टा दिला. ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा जाड असते, त्यामुळे साधा पट्टा सुळकन निघून येतो. मान डोक्यापेक्षा जाड, हे मी आजवर फक्त आमच्या एका मॅनेजरबद्दल म्हणत आलो होतो.

पहिल्या दिवशी तो हॉलमध्ये उभा राहिला. दुपारी दोनला आला तो संध्याकाळी सहापर्यंत उभा. या कुत्र्यांच्या मांड्या इतक्या भरलेल्या असतात की बसणं त्यांना अवघड जातं, म्हणून एक तर उभं, नाही तर आडवं. आडवं होण्याइतका आमच्यावर त्याचा विश्वास नव्हता. मेघना म्हणाली, ‘अरे, पाहुण्यासारखा काय उभा राहिलायस, बस ना.’ त्याने मान वळवली आणि आरशातला कुत्रा बघून भिंतीला चिकटला.

त्याचं काही चुकत नव्हतं. जन्मापासून केनेलमध्ये वाढलेला प्राणी, त्याने घर पाहिलेलंच नव्हतं. आरसा माहीत नाही, टीव्ही माहीत नाही, काच माहीत नाही. बागेच्या काचेच्या दारावर तो नाकासकट आदळला, तेव्हा मी गणपतीच्या सजावटीतून उरलेल्या सोनेरी पट्ट्या दारावर आडव्यातिडव्या चिकटवल्या. आता ते दार बाहेरून एखाद्या मंगल कार्यालयाचं वाटतं. पण सगळ्यात भारी प्रकरण म्हणजे कुकर. पहिल्या शिट्टीला तो चारही पायांवर जागच्या जागी उडाला. दुसरीला टेबलाखाली शिरला. तिसऱ्या शिट्टीला टेबलही त्याच्याबरोबर निघालं.

मग फिरायला नेणं. ताशी ६५ किलोमीटर वेगाने पळणारा प्राणी म्हणून मी नवे बूट घेतले होते. कोपऱ्यावर लाल टपालपेटी आहे, तिथपर्यंत तो छान आला आणि थांबला. ओढलं, हलला नाही. खाऊ दाखवला, हलला नाही. पुस्तिकेत याचं वर्णन होतं, ग्रेहाउंड घाबरला की पुतळा होतो, ओढू नका, वाट बघा. मी वाट बघितली. पाऊस सुरू झाला. त्याच्या अंगावर कोट होता, माझ्या अंगावर नव्हता. येणारे-जाणारे कौतुकाने थांबत आणि एकच प्रश्न विचारत, ‘किती फास्ट पळतो?’ पट्ट्याला लोंबकळत मी सांगत होतो, ‘खूप.’ बावीस मिनिटांनी, काहीही कारण न देता, तो उलटा वळला आणि घराकडे चालू लागला. टपालपेटीच्या पलीकडे काय आहे हे त्याला पुढचे नऊ दिवस कळलं नाही.

जिन्याचं तर विचारूच नका. तेरा पायऱ्या, अरुंद, गालिचा घातलेल्या. जिना चढतात ही कल्पनाच त्याला नवीन. मी मागून एकेक पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवत, मेघना वरून चिकनचा तुकडा दाखवत, अशी चौतीस किलोची ती वरात पाऊण तासात माडीवर पोचली. वर गेल्यावर लक्षात आलं की उतरणं हा वेगळा धडा आहे. तो आम्हा तिघांनाही येत नव्हता. शेवटी मी त्याला उचलून खाली आणलं आणि दोन दिवस कमरेला पट्टा बांधून ऑफिसच्या मीटिंगा केल्या. त्या दिवसापासून जिना बंद, केविन खाली, आम्ही वर.

आई-बाबा मिरजेहून आले ते याच सुमारास. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, रिटायर होऊन अकरा वर्षं झाली. दारातून आत येताच त्यांनी केविनला बघून पिशवी खाली ठेवली. ‘अरे, हे तर आपलं कारवानी! जतच्या बाजूला मेंढपाळांकडं असतंय बघ.’ लांब तोंड, आत ओढलेलं पोट, कमानीसारखी पाठ. आईने तेवढंही पाहिलं नाही. तिने विचारलं, ‘हा काय करत होता आधी?’

मी इंटरनेटवर त्याचा रेकॉर्ड काढून दाखवला. ४१ शर्यती, पाच विजय, शेवटच्या शर्यतीत सहापैकी सहावा. एक शर्यत साधारण एकोणतीस सेकंदांची. बाबांनी मोबाइलवर गुणाकार केला आणि चष्मा वर सरकवला. ‘म्हणजे आख्ख्या सर्व्हिसमध्ये प्रत्यक्ष काम वीस मिनिटं.’ थोडा वेळ विचार करून म्हणाले, ‘आमच्या डेपोतही होते दोघं.’

पुढे त्यांनी आणखी वाचून काढलं. यांत्रिक सशामागे कुत्रे पळवण्याचा धंदा इंग्लंडमध्ये १९२६ साली मँचेस्टरच्या बेल व्ह्यूला सुरू झाला, आणि एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली १ जून १९४८ ला. ‘आमच्यापेक्षा बावीस वर्षं सीनियर खातं आहे,’ असं म्हणून ते केविनला ‘केविनराव’ म्हणू लागले. आईसाठी तो ‘केव्या’.

आईने दोन दिवस नुसतं बघितलं. मग तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, ‘तुम्ही दोघं त्याच्या फार मागं लागता. तुझे बाबा घरी बसले तेव्हा असेच होते. स्वयंपाकघराच्या दारात उभे. बसा म्हटलं तर बसायचे नाहीत. मी वळले की हे मागं. पहाटे चारला उठून अंघोळ करून तयार, जायचं कुठंच नाही. दूधवाला सात मिनिटं लेट आला तर वहीत लिहून ठेवायचे.’

‘मग तू काय केलंस?’

‘काही नाही. एक खुर्ची खिडकीपाशी ठेवली. ही तुमची. चहा या वेळेला, जेवण या वेळेला. आणि त्यांच्याकडं बघायचं सोडून दिलं.’

मी पुस्तिका उघडली. कुत्र्याला स्वतःची जागा द्या, दिनक्रम ठरवा, सुरुवातीला त्याच्याकडे फार लक्ष देऊ नका. पुस्तिकेत असंही होतं की पहिले तीन दिवस भांबावलेले, मग तीन आठवड्यांत सवय होते, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. आईला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, ‘ह्यांना तीन वर्षं लागली.’

मग तिने कारभार हातात घेतला. कपाटातली जुनी गोधडी कोपऱ्यात अंथरली. त्याच्याकडे पाठ करून टीव्ही बघत बसली. दीड तासाने केविन गोधडीवर आडवा झाला, आणि रात्री पाठीवर उताणा, चारही पाय छताकडे, डोळे अर्धवट उघडे. मेघना घाबरून माझ्याकडे धावत आली, काही तरी झालंय त्याला. काही झालं नव्हतं. हे झोपतातच तसे, दिवसाचे सोळा-सोळा तास.

काही बाबतींत आईही चुकली. तो खूश झाला की दात कडकड वाजवतो; आईला वाटलं थंडी भरली, तिने बाबांची माकडटोपी त्याला घातली. ती त्याला इतकी चपखल बसली की परत मिळाली नाही. कुत्र्याला कांदा-लसूण चालत नाही म्हटल्यावर तिला त्याच्याबद्दल आदरच वाटू लागला. ‘चातुर्मास पाळतो!’ असं ती फोनवर मावशीला सांगत होती. कुकरचा प्रश्न मात्र बाबांनी सोडवला. दर शिट्टीला एक चिकनचा तुकडा. आठ दिवसांत तिसऱ्या शिट्टीला केविनराव ओट्यापाशी हजर. शिट्टीवर हजेरी लावायची सवय दोघांनाही जुनीच होती.

आता ओट्याची उंची आणि ग्रेहाउंडच्या हनुवटीची उंची एकच असते, ही गोष्ट कुणी तरी आधी सांगायला हवी होती. दसऱ्याला आईने शिरा केला. साजूक तूप, वर तासगावचे बेदाणे, एकवीस, मोजून. ती अंघोळीला गेली आणि परत आली तेव्हा नैवेद्याची वाटी चाटूनपुसून स्वच्छ, आणि केविन दात कडकड वाजवत उभा.

बेदाणे कुत्र्याला विषारी. मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. मी फोन लावला, पलीकडच्या बाई म्हणाल्या, ताबडतोब घेऊन या. मेघनाने गाडी काढली, मी मागे केविनचं डोकं मांडीवर घेऊन, पलीकडे बाबा. आई पुढच्या सीटवर स्वतःला बोल लावत होती. ‘एकवीस होते रे, मीच मोजले होते.’ दुसऱ्या सिग्नलला बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘बेदाणे नव्हते त्यात.’

‘म्हणजे?’

‘नव्हते. आधीच संपले होते.’

बाबांना गेली सहा वर्षं डायबेटिस आहे. गाडीत कुणी काही बोललं नाही. सिग्नल हिरवा झाल्याचं मागच्या गाडीने हॉर्न देऊन सांगितलं.

तरीही डॉक्टरांनी जोखीम घेतली नाही. एक इंजेक्शन, आणि दहा मिनिटांत शिरा परत. नर्सने हातमोजे घालून तो चिवडला, नंतर आम्हालाही दाखवला. बेदाणा एकही नाही. बिल ३१५ पौंड. परतताना आईने हिशेब केला, न खाल्लेल्या एकेका बेदाण्याचे पंधरा पौंड. रुपयांत करायचं धाडस कुणालाच झालं नाही. त्या रात्री बाबांना आणि केविनला सारखंच जेवण मिळालं, भात आणि उकडलेलं चिकन, बिनमिठाचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला आवाजाने जाग आली. जिन्यावर धप, मग थोडं थांबून पुन्हा धप. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं. दार उघडलं तर केविन तेराव्या पायरीवर. एकटा चढून आलेला, बाबांच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून उभा. तेवढ्यात बाबाही बाहेर आले, अंघोळ झालेली, स्वेटर घातलेला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, मग दोघांनीही खाली बघितलं.

बाबांचे गुडघे गेलेत. जिना ते कडेला वळून, कठड्याला धरून, एकेक पायरीने उतरतात. केविनला तर उतरता येतच नाही. बाबांनी कठडा धरला आणि दुसऱ्या हाताने वाट मोकळी करून दिली.

‘चला केविनराव,’ ते म्हणाले. ‘आधी तुम्ही.’

केविन हलला नाही.